अजून थोडं मागे

१२ ऑगस्ट, मंगळवार

विजूताई अजून आयसीयूत. डोक्याला आठ टाके, डाव्या खुब्याचं हाड मोडलंय. डोक्याची सूज उतरली तर ऑपरेशन गुरुवारी. शुद्ध येते, जाते. आली की पाणी मागतात.

दोन दिवस वहीला हात लावला नाही. आज शाळेतून आले, चहा केला, प्यायचा विसरले. म्हटलं लिहावं.

रविवारी ताईंची धबधबेवाली मंडळी, आम्ही अकरा जण, मानपूरच्या पुढच्या धबधब्यावर. गाडीत ताईंनी नेहमीसारखे नियम ऐकवले. ओल्या दगडावर उभं राहायचं नाही. कडेपासून आठ फूट अलीकडे. पाण्याकडे पाठ करायची नाही. दहा वर्षं तेच नियम, तोच आवाज. सगळे पाठीमागून "हो मॅडम!" करतात, शाळेतल्या पोरांसारखे.

बाकीचे वर भुट्टेवाल्याकडे होते. खाली आम्ही दोघीच. मी फोटो काढत होते. ताई पडल्या. आठ-दहा फूट, खालच्या कपारीवर. भुट्टेवाल्याच्या दोघा भावांनी चादरीत घालून वर आणलं. मी ओढणी डोक्याला बांधून धरली होती ती इंदूरपर्यंत सोडली नाही.

सगळ्यांना हेच सांगितलं. मी फोटो काढत होते, मग पाहिलं तर ताई नव्हत्या. यात खोटं काही नाही.

ताईंचे मिस्टर, वसंतराव भाऊजी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझे दोन्ही हात धरून रडले. "नीलिमा, तू होतीस म्हणून वाचली ती." सत्तर वर्षांचा माणूस. सगळे बघत होते. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं संकोच.

फक्त पडायच्या आधी मी


१४ ऑगस्ट, गुरुवार

ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात. प्लेट घातलीय.

संध्याकाळी पाच मिनिटं आत सोडलं. ताईंनी ओळखलं. "नीलू, शाळा नाही का आज?" मग विचारलं, मला काय झालंय. भाऊजींनी सांगितलं, धबधब्यावर पडलीस. ताई म्हणाल्या, "कुठल्या?"

रविवारचं काहीच आठवत नाही. गाडीत बसल्याचंही नाही. शनिवारी राखीला भावाकडे गेल्या होत्या तिथपर्यंत आठवतं, पुढे कोरं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, तो दिवस कदाचित परत येणारच नाही.

हे ऐकून मला बरं वाटलं. असं लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःला सांगेन की वाटलं नव्हतं. वाटलं. छातीवरून काहीतरी उतरलं. जिन्यात बसून घेतलं दोन मिनिटं.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. पोरांची भाषणं चालू असताना सारखा पर्समधला फोन चाचपत होते.

रविवारचे फोटो उघडलेच नव्हते. घरी आले, बाथरूममध्ये नळ सोडला आणि उघडले. ताईंचे तीन. पहिल्यात हसतायत, निळी बरसाती, चष्म्यावर थेंब. मागे पाणी, पण वरचा भाग कापला गेलाय. दुसऱ्यात एक पाऊल मागे. तिसऱ्यात नुसता दगड आणि एक हात.

माझ्या फोनमधला फोटो दाबून धरला की क्षणभर हलतो, आवाजही येतो. हे मला माहीत होतं, लक्षात नव्हतं. दुसरा फोटो दाबला. पाण्याचा घोंघाट आणि त्यावर माझा आवाज, अगदी स्वच्छ. "अजून थोडं मागे या ना ताई, पाणी पूर्ण येत नाहीये."

आणि ताईंचं "बस का?"

तिन्ही डिलीट केले. नळ बंद केला. मग कळलं की डिलीट केलेले तीस दिवस तसेच राहतात, वेगळ्या फोल्डरमध्ये. प्रत्येकाखाली लिहिलेलं असतं किती दिवस उरले. तिथूनही उडवता येतात. बोट नेलं. नाही उडवले. का ते विचारू नये.


१८ ऑगस्ट, सोमवार

हेमंतला सांगितलं, नवऱ्यापासून किती दिवस लपवणार. पोहे खात होता. चमचा खाली ठेवला आणि बशी बाजूला सरकवली.

"कोणाला बोललीस का?"

"नाही."

"मग नको बोलूस. नीलू, ऐक माझं. तू ढकललं नाहीस. फोटोसाठी सगळेच म्हणतात मागे व्हा, पुढे व्हा. त्यांना स्वतःला दिसत होतं ना मागे काय आहे ते?"

"दिसत नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या."

"त्यांना आठवत नाहीये, त्यांचं दुखणं त्याने कमी होणार नाही. उद्या पोलिस, वकील, फालतू लफडा. तुझी नोकरी आहे."

तो वाईट माणूस नाही. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये डबा तोच नेतोय, पिथमपूरच्या कारखान्यातून दमून आल्यावर. मी होकार दिला. खरंच वाटलं की हो, त्यात काय.

दुपारी नववीच्या वर्गात कोणीतरी मागून बाकं सरकवली. त्या आवाजाने खडूच पडला हातातून.


२० ऑगस्ट, बुधवार

ताई वॉर्डात आल्या. कंटाळल्यात. भाऊजींकडून वही मागवून घेतली, धबधब्यांची. मला म्हणाल्या वाच, माझे डोळे दुखतात.

ही वही मला पाठ आहे. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं दुसऱ्यांचे कॉल जोडताना ताईंनी शहरांची नावं ऐकली आणि रिटायर झाल्यावर नकाशा आणला. छत्रीबागेतल्या त्यांच्या बैठकीत तो भिंतभर आहे. लाल टाचण्या पाहिलेल्यांना: भेडाघाटचा धुवाँधार, जोग, बस्तरचा चित्रकोट, अतिरप्पिल्ली, मेघालयातला नोहकालिकाई. निळ्या राहिलेल्यांना. पहिली निळी आफ्रिकेत, व्हिक्टोरिया. येत्या एप्रिलचं बुकिंग झालंय, त्या दोघांचं आणि आम्हा दोघांचं.

वाचत गेले. ताईंच्याच अक्षरात:

"इग्वासू. दोन्ही देशांतून पाहणे. ब्राझीलकडून सगळा एकदम दिसतो, अर्जेंटिनाकडून पुलावरून थेट घशात. घाई करू नये, दोन पूर्ण दिवस."

"नायगारा. गर्दी. तरी एकदा बोटीत बसणे. बरसाती तेच देतात, भिजायचं ते भिजतोच."

"व्हेनेझुएलाचा एंजल. इतक्या वरून पडतो की पाण्याचं वाटेतच धुकं होतं. पोहोचायला नदीतून होडी. वसंता येणार नाही, नीलूला नेणे."

"आइसलंडचा गुलफॉस. दोन स्वेटर. वारा आडवा असतो."

"व्हिक्टोरिया. ऑगस्ट-सप्टेंबरात नीट दिसतो. एप्रिलमध्ये इतकं पाणी की तुषारांपुढे काहीच दिसत नाही, पण आवाज पोटात जातो. मला एप्रिलच."

भाऊजी म्हणाले, "सांगा आता! दिसत नाही त्या महिन्यात जायचंय बाईंना." ताई हसल्या. टाके ओढले गेले म्हणून थांबल्या.

पुढचं पान: "गयानाचा कायेतूर. छोट्या विमानाने. काठाला कठडा नाही. आठ फूट अलीकडे थांबणे. फोटोसाठीसुद्धा पुढे-मागे होऊ नये."

मी पान उलटलं. वाचलं नाही ते. ताईंना कळलं नाही. किंवा कळलं असेल, गाळलेलं.


२२ ऑगस्ट, शुक्रवार

नववीला नदीचं कार्य. दरवर्षी मी हे फार आवडीने शिकवते. फळ्यावर वर कठीण खडक, खाली मऊ. पाणी मऊ खडक पोखरत जातं. वरच्या खडकाला खालून आधार उरत नाही, तो कोसळतो. धबधबा इंच इंच मागे जातो, नदीच्या उगमाकडे. हिंदीत सांगते, पोरं हिंदीतच विचारतात. "मॅडम, कितना पीछे जाता है?"

उत्तर येतं मला. तोंडातून निघेना. "पीछे" म्हटलं की ताईंचं "बस का?" ऐकू यायचं. शेवटी एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, पानी लाऊँ?"


२७ ऑगस्ट, बुधवार

घरी गणपती बसले. मूर्ती आणताना हेमंतला तीनदा सांगितलं, नीट धर, पायरी ओली आहे. तो म्हणाला दरवर्षी मीच आणतो ना.

ताई सोमवारीच घरी आल्यात. दुपारी मोदक घेऊन छत्रीबागेत गेले. पुण्याहून केतकी आलीय, त्यांची मुलगी. महिनाभर घरून काम करणार आहे.

बैठकीत पलंग टाकलाय. नकाशा उतरवलेला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग, टाचण्या वाटीत.

केतकी रागावलेली आहे, आणि ते स्वाभाविकच. "मावशी, तुम्ही तरी थांबवायचं ना तिला. चौसष्टाव्या वर्षी कडेला जाऊन उभी राहते म्हणजे काय? उद्या गॅस चालू ठेवेल. मी पुण्यात, बाबा असे. एप्रिलचं ते आफ्रिका वगैरे मी कॅन्सल करायला सांगितलंय."

मी मोदकांचा डबा उघडत राहिले. उघडलेलाच होता.

ताईंनी मला दहा वर्षांत एकदाही वाक्य पूर्ण करू दिलं नाही, आणि आज भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, मार खाल्लेल्या मुलीसारख्या.


३१ ऑगस्ट, रविवार

केतकी औषधं आणायला, भाऊजी आंघोळीला. आम्ही दोघी.

"नीलू, इकडे ये. खरं सांग. मी अशी कशी गेले गं मागे?"

"ताई, पाऊस होता, शेवाळ..."

"शेवाळाचं सोड. मी पाण्याकडे पाठ केली कशी? मीच सगळ्यांना सांगते ना. मला वाटतं माझं डोकं चाललंय. माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. दूध आणायला गेली ती पार हातोद गावात सापडली."

सांगून टाकावं म्हणून खुर्ची जवळ ओढली.

"तू पाहिलंस का मला जाताना?"

"नाही, ताई."

आतापर्यंत मी फक्त गाळत होते. आज बोलले. 'नाही' म्हणाले, डोळ्यात बघून. ताईंनी माझ्या हातावर थोपटलं. "जाऊ दे. तू काय करणार."

परत येताना पुलावर गाडी बंद पडली असं वाटलं. बंद पडली नव्हती, मीच थांबवली होती. मागचे हॉर्न मारत होते. "ओ मॅडम, चलना है कि नहीं?"


५ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेत शिक्षक दिन. पोरांनी फुलं दिली, एकाने कार्ड. "आप हमेशा सच बोलना सिखाती हैं." कार्ड घरी आणलं नाही. स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये उलटं ठेवलं.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. केतकीने ताईंना मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. ताई शहाऐंशीवर अडकल्या आणि रडायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, अपघातानंतर घाबरलेल्या असतात, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. पण केतकीने मनात पक्कं केलंय. दसऱ्यानंतर दोघांना पुण्याला. सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, खाली गेटवर वॉचमन, एकटीला बाहेर सोडायचा प्रश्नच नाही.

"इथलं घर?" मी विचारलं.

"बघू. भाड्याने, नाहीतर..." मग त्यांचा आवाज बदलला, गल्लीतला इंदुरी झाला. "अरे भिया, सत्तर साल झाले मला या गल्लीत. पुण्यात मी कोणाशी बोलू? पण पोरगी म्हणते आईला आता समज राहिली नाही. आणि खरंच नीलिमा, गेलीच ना ती कडेला?"

मी म्हटलं, हं.

हं.


९ सप्टेंबर, मंगळवार

काल आणि आज दोन्ही दिवस शाळेतून सरळ छत्रीबागेत. काल त्यांच्या दारापर्यंत, आज गल्लीच्या तोंडापर्यंत. दोन्ही दिवस परत.

गॅस बंद आहे का तीनदा बघते. जिना उतरताना कठडा धरते, समोरच्याला पण सांगते धरा. फोन वाजला की वाटतं केतकी.

काय होईल याची यादी करत बसते. पोलिस. शाळेत कळणं. पालक. ताई तोंड बघणार नाहीत. मंडळी मोडेल. आणि नाही सांगितलं तर? मला काहीच होणार नाही. माझं सगळं जसंच्या तसं. ताई सातव्या मजल्यावर, स्वतःला वेडी समजत.

दोन्ही बाजू अशा समोरासमोर लिहिल्यावर लाज वाटते. तरी उद्या जाईन असं लिहवत नाही.


११ सप्टेंबर, गुरुवार

त्या फोल्डरमध्ये फोटोखाली "३ दिवस".

परत आणले तिन्ही. हेमंत शेजारीच होता.

"काय करतेयस?"

"उद्या नाहीतर परवा सांगणार आहे."

"नीलू, मी तुला हात जोडतो. केतकीला तू ओळखत नाहीस. ती केस करेल."

"करू दे."

"करू दे? आणि मी? अन्वीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे बंगलोरला, पोरीला काय सांगायचं?"

पहिल्यांदाच आम्ही इतकं मोठ्याने बोललो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला, ऐकायला. मग हेमंत बाल्कनीत जाऊन उभा राहिला. नंतर आत येऊन म्हणाला, "मी येऊ बरोबर?" मी म्हटलं नको. मग म्हटलं, खाली गाडीत बस.


१३ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं.

क्रमाने लिहिते. नाहीतर मी नंतर बदलेन.

अकरा वाजता गेले. केतकीने दार उघडलं, कानात इअरफोन, मीटिंग चालू होती. ताई खुर्चीत, वॉकर समोर. भाऊजी शेंगा सोलत होते. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई मागे गेल्या कारण मी सांगितलं. फोटोत पाणी पूर्ण येत नव्हतं. मी दोनदा सांगितलं मागे या."

कोणालाच कळलं नाही. भाऊजी म्हणाले, "काय, बस ना, चहा..." मी फोन काढून दुसरा फोटो दाबून धरला. खोलीत पाण्याचा आवाज झाला. मग माझा.

केतकीने इअरफोन काढले. "परत लावा."

लावला.

"एक महिना," केतकी म्हणाली. "मावशी, एक महिना. आईला मी डॉक्टरकडे नेलं. घड्याळ काढायला लावलं तिला. तुम्ही मोदक घेऊन आलात. तुम्ही त्या खुर्चीवर बसून मोदक खाल्लेत." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.

भाऊजींच्या मांडीवरून शेंगांचं ताट सरकलं. त्यांनी उचललं नाही. "मी तुला विचारलं होतं फोनवर. तू हं म्हणालीस."

मी म्हटलं, हो.

ताईंनी हात पुढे केला. फोन मागितला. त्यांना दाबून धरायला जमेना, मी त्यांचं बोट ठेवलं. त्यांनी तीनदा ऐकला. चष्मा वर करून, फोन कानाला लावून, जुन्या ऑफिसातल्यासारखा. "बस का?" या स्वतःच्या शब्दावर प्रत्येक वेळी ओठ हलले.

मग म्हणाल्या, "म्हणजे मी आपणहून नव्हते गेले."

"नाही, ताई."

"मला कोणीतरी बोलावलं होतं."

"मी."

त्या हसल्या. खरंच हसल्या, खांदे हलेपर्यंत, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी. "केतकी, ऐकलंस? माझं डोकं ठिकाणावर आहे. ऐकलंस का गं? वसंता, आहे ठिकाणावर." भाऊजी उठून त्यांच्यापाशी गेले. तिघंही एकमेकांना धरून होते, मी पायपुसण्यावर.

मी निघायला वळले तशी ताई म्हणाल्या, "नीलू."

"हं?"

"त्या दिवशी मी तुला इथेच विचारलं होतं. पाहिलंस का म्हणून."

"हो."

"पडण्याचं मला काही नाही. माणूस म्हणतो फोटोला मागे हो. पण ते तू..." त्यांनी चष्मा पुसला. "आता तू जा."

खाली गाडीत हेमंतने एसी लावला. मला थंडी वाजत होती तरी बंद कर म्हटलं नाही.


१४ सप्टेंबर, रविवार

झोप लागली. चांगली, सलग. याचीही लाज वाटते.

मंडळीच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. आठ ओळी. कोणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कोणी काहीच नाही. दोघं ग्रुप सोडून गेले. एकाने लिहिलं, "ताईंनी सांभाळलेला ग्रुप तुम्ही..." आणि मग स्वतःच डिलीट केलं. मी वाचलं होतं.


१८ सप्टेंबर, गुरुवार

रोज गेटवर पोस्टमन, कुरिअर, कोणीही दिसलं की आधी हातातलं पाकीट बघते. नोटीस आली नाही. केतकीचा फोनही नाही. न येणंही ऐकू येत राहतं.

टूरवाल्यांकडून फोन आला: दोघांचं कॅन्सल झालंय, तुमचं काय करायचं? म्हटलं कळवते. हेमंत म्हणाला, तू ठरव. व्हिक्टोरियासमोर आम्ही दोघंच उभे आहोत असं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. आलंच नाही.


२६ सप्टेंबर, शुक्रवार

औषधाच्या दुकानात भाऊजी भेटले. मी काउंटरमागे लपले असते, जागा नव्हती.

"केतकी गेली परवा," ते म्हणाले. "एकटीच. आम्ही नाही गेलो. बाईंनी साफ सांगितलं, मी इंदूर सोडणार नाही. परत शंभरातून सात सात केले तिच्यासमोर, दोनपर्यंत आणले. बघ म्हणाली."

मला हसू आलं, आवरलं.

"केतकी केस नाही करत. तिने विचारलं आईला. आई म्हणाली, करून माझा पाय लवकर सुटणार आहे का." दुकानदाराने पिशवी दिली ती त्यांनी दोनदा मोजल्यासारखी तपासली. "मी मात्र रागावलेला आहे, नीलिमा. तुला सांगून ठेवतो. मी तुझे हात धरून रडलो होतो. हे मला सारखं आठवतं."

"ताई माझं नाव काढतात का?"

"नाही," म्हणाले. मग दोन पावलं जाऊन वळले. "पण दुसऱ्या कोणाला तुझ्याबद्दल बोलू पण देत नाही."

हे चांगलं की वाईट, घरी येईपर्यंत ठरलं नाही. अजून नाही.


५ ऑक्टोबर, रविवार

एकटीच चोरलच्या रस्त्याने गेले. घाटाच्या बाजूला लहानसा ओढा पडतो तिथे, नाव पण नाही त्याला. पाऊस संपलाय, तरी पाणी बरंच. वीस पावलं लांब उभी राहिले. पाच-सहा कॉलेजचे आले, एक मुलगी कडेजवळ, समोरचा फोन धरून "थोड़ा पीछे, थोड़ा और".

मी किंचाळले. "रुक!" इतक्या जोरात की मुलगी खालीच बसली. पोरं घाबरली, मग हसली. एक म्हणाला, "आंटी, चिल." मुलगी मात्र मागे वळून बघून पुढे आली. तिच्यामागे जेमतेम हातभर जागा होती.

गाडीत येऊन बसले. ती पोरं निघून जाईपर्यंत चावी लावली नाही.


१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आठ वाजता फोन. ताई. मी पोह्यांवर शेव घालत होते, डबाच सुटला.

"नीलू, आज फिजिओवाली येणार नाही. मला पुलापर्यंत चालायचंय. वसंता फार घाई करतो, आणि सारखा बोलतो."

"मी येऊ?"

मागे कुकरची शिट्टी.

"चारला ये. पण काही बोलायचं नाही. माफी नाही, काही नाही. मला पायाकडे लक्ष द्यावं लागतं."

"हो."

"आणि हात धरायचा नाही. मी मागितला तर द्यायचा."

फोन ठेवला. मी विचारलंच नाही की ताई, तुम्ही मला... काय विचारणार होते, तेही नीट माहीत नाही.

आता साडेतीन. गल्लीतला रस्ता मधे खणलाय, पुलाजवळ खडी पडलीय. दुपारी जाऊन बघून आले. कोणत्या बाजूने चालू? डावा पाय दुखरा, म्हणजे डावीकडे असायला हवं. पण तिकडे नाली आहे, त्या तिकडे झुकल्या तर सावरायला मला त्यांना ढकलावंच... पुढे चालले तर दिसणार नाहीत. मागे चालले तर त्यांना वाटेल मी पाळत ठेवतेय.

हेमंत विचारतोय, किती वेळ लागेल.

माहीत नाही म्हटलं. बूट घालतेय.